पावती ज्याच्या हाती, सवलत त्याच्या दारी

२०१५ च्या एप्रिलमध्ये रजा काढून मी व माझी पत्नी कॅनडातील कॅलगरी येथे कन्येकडे गेलो होतो. तेथे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख ३० एप्रिल असते. जन्मभर बँकेत आकडे तपासले म्हटल्यावर कन्येने पावत्यांचे पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "बाबा, एवढे जुळवून द्या." त्या पाकिटात माझ्या सात वर्षांच्या नातीच्या स्केटिंग वर्गाच्या पावत्या होत्या. एकूण रक्कम सुमारे आठशे डॉलर होती व त्यावर करात एकशे वीस डॉलरची सूट मिळणार होती.

मुलांच्या खेळाबद्दल सरकार कर कमी करते, ही कल्पना मला फारच आवडली. आपल्याकडे आरोग्यविम्याच्या हप्त्याची आणि पाच हजार रुपयांपर्यंत प्रतिबंधात्मक तपासणीची वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. येथे तर आजार येण्यापूर्वीच, मूल मैदानावर असतानाच सरकार पाठ थोपटत होते. मी कौतुकाने तसे बोलून दाखविले. कन्या म्हणाली, "छान आहे खरे, पण ही सूट नसती तरी आम्ही तिला स्केटिंगला घातलेच असते."

हे वाक्य त्या वेळी माझ्या कानांवरून गेले. त्याचा अर्थ उमगायला मला बरीच वर्षे लागली, आणि तोवर मी स्वतः एक चूक करून बसलो होतो.

पंच्याहत्तर डॉलरचा वाद

ही सवलत पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केली व ती १ जानेवारी २००७ पासून लागू झाली. सोळा वर्षांखालील मुलाच्या नोंदणीकृत व्यायाम-वर्गावर वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत जो खर्च होईल, त्याच्या पंधरा टक्के रक्कम आईवडिलांच्या करातून वजा होत असे. म्हणजे एका मुलामागे जास्तीत जास्त पंच्याहत्तर डॉलर. वर्ग किमान आठ आठवड्यांचा असावा, आठवड्यातून एकदा तरी भरावा आणि त्यात शरीराला खरा व्यायाम घडावा, अशा अटी होत्या. गल्लीत चेंडू खेळणाऱ्या मुलाला अर्थातच यात स्थान नव्हते, कारण गल्ली पावती देत नाही.

योजना लोकप्रिय झाली. काही प्रांतांनी स्वतःच्या करातही तशी तरतूद केली. मॅनिटोबाने तर ती चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केली. समर्थकांचे म्हणणे साधे होते. मुलांमधील लठ्ठपणा वाढत आहे, उद्या तीच मुले मधुमेह व हृदयविकार घेऊन सरकारी रुग्णालयात येणार, तेव्हा आज थोडा कर सोडणे हेच काटकसरीचे. व्यापारी माणसाला हा हिशेब सहज पटावा असाच आहे.

विरोधकांचा आक्षेप मात्र हिशेबाच्या पहिल्याच ओळीवर होता. सवलत मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात आणि नंतर कर देय असावा लागतो. ज्याचे उत्पन्न इतके कमी की कर लागतच नाही, त्याच्या पदरी शून्य. अल्बर्टा विद्यापीठातील प्राध्यापक जॉन स्पेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील पालकांची पाहणी करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून किंचित अधिक पालकांना या सवलतीची माहिती होती. सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटात ती माहितीही कमी आणि सवलत घेण्याचे प्रमाणही कमी. ज्यांनी ती घेतली, त्यांपैकी जेमतेम सोळा टक्के पालकांना वाटले की तिच्यामुळे आपल्या मुलाचा खेळातील सहभाग वाढला. उरलेल्यांचे उत्तर माझ्या कन्येचेच होते.

कन्येच्याच इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहत. रात्री कार्यालयांची साफसफाई करून त्या मुलाला वाढवीत होत्या. तो मुलगा माझ्या नातीच्याच वर्गात होता व स्केटिंगच्या मैदानाच्या काचेला नाक लावून उभा राहत असे. मी भाबडेपणाने त्या बाईंना करसवलतीविषयी सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आधी भरायचे आठशे डॉलर कोण देणार?" चाळीसएक वर्षांच्या बँकिंगच्या अनुभवातून मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

उत्तर दुसरीकडून आले. त्या देशात किडस्पोर्ट नावाची एक धर्मादाय संस्था आहे. गरजू मुलाचा अर्ज मंजूर झाला की ती शुल्क पालकांच्या हाती न देता परस्पर क्रीडामंडळाकडे भरते. पुढच्या हिवाळ्यात तो मुलगा काचेच्या आतल्या बाजूस असल्याचे कन्येने दूरध्वनीवर कळविले.

सरकारनेही आपल्या परीने दुरुस्ती केली. २०१४ साठी मर्यादा दुप्पट म्हणजे एक हजार डॉलर झाली व २०१५ पासून कर देय नसणाऱ्यांनाही रक्कम रोख मिळू लागली. तथापि ती हाती पडे पुढच्या वर्षी. नंतर सत्तेवर आलेल्या जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने २०१६ साठी मर्यादा पुन्हा पाचशेवर आणली आणि २०१७ पासून ही सवलत रद्द केली. त्याऐवजी उत्पन्न पाहून दरमहा थेट खात्यात जमा होणारे बालसाहाय्य २०१६ च्या जुलैपासून सुरू झाले. क्विबेक प्रांताने मात्र मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, रोख परताव्याच्या स्वरूपात, आपली स्वतंत्र सवलत चालू ठेवली.

दोनशे, सतरा, नऊ, एक आणि पुन्हा चार

२०२४ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा कॅलगरीत होतो. नात आता सोळा वर्षांची. एका संध्याकाळी ती बर्फावर पडली व तिच्या मनगटाचे हाड मोडले. सायंकाळी सातला आम्ही एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचलो आणि पहाटे तीनला बाहेर पडलो. एवढ्या प्रतीक्षेचा मनस्ताप झाला, हे लपवीत नाही. परंतु बाहेर पडताना कोणी देयक पुढे केले नाही, अनामत मागितली नाही, विम्याचे कार्डही विचारले नाही, केवळ प्रांताचे आरोग्यपत्र पाहिले. आपल्याकडे रुग्णाला आत नेण्यापूर्वी किती घरांत दागिने मोजले जातात, हे मी कर्जखात्यात बसून पाहिले आहे.

शेजारी एक वृद्ध शेतकरी पत्नीला घेऊन बसले होते. त्यांच्या गावच्या रुग्णालयात त्या रात्री डॉक्टर नसल्याने तातडीचा विभाग बंद होता, म्हणून दीड तास गाडी चालवून ते आले होते. ते म्हणाले, "माझे वडील आमच्या रुग्णालयाच्या मंडळावर होते. तेव्हा डॉक्टर नसला तर गावकरी त्यांच्या दारात येऊन जाब विचारीत. आता कोणाच्या दारात जायचे तेच समजत नाही."

त्यांच्या बोलण्यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे. अल्बर्टा प्रांताचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, लोकसंख्या मात्र पन्नास लाखांच्या आतबाहेर. १९९४ पर्यंत तेथे गावोगावची मिळून सुमारे दोनशे रुग्णालय-मंडळे होती. मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांनी खर्चकपातीच्या मोहिमेत ती मोडून सतरा प्रादेशिक आरोग्य मंडळे केली. २००३ मध्ये सतराची नऊ झाली. १५ मे २००८ रोजी आरोग्यमंत्री रॉन लिपर्ट यांनी नऊही मंडळे विसर्जित केल्याची घोषणा केली आणि १ एप्रिल २००९ पासून संपूर्ण प्रांतासाठी अल्बर्टा हेल्थ सर्व्हिसेस ही एकच संस्था उभी राहिली. कर्करोग, मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती यांची मंडळेही तिच्यातच विलीन झाली.

ज्यांनी बँकांची विलीनीकरणे पाहिली आहेत त्यांना पुढील कथा अनोळखी वाटणार नाही. एकत्र खरेदीने दर उतरतात, कामाची पुनरुक्ती टळते, एका गावचा रुग्ण दुसऱ्या गावी गेला तरी त्याची नोंद सापडते. हे लाभ खरे आहेत. पण शाखा व्यवस्थापकाचे मंजुरीचे अधिकार मुख्य कार्यालयाकडे गेले की दारात उभ्या असलेल्या ग्राहकाला "वर पाठविले आहे" एवढेच उत्तर मिळते, हेही तितकेच खरे.

२०१० च्या अखेरीस तातडीच्या विभागांतील प्रतीक्षेवरून प्रांतात गदारोळ उठला. राज शर्मन हे भारतीय वंशाचे आमदार स्वतः तातडीच्या विभागातील डॉक्टर. त्यांनी आपल्याच सरकारवर टीका केली आणि सत्ताधारी गटातून त्यांना निलंबित केले गेले. त्याच सुमारास संस्थेचे प्रमुख, ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञ स्टीफन डकेट, यांना बैठकीबाहेर पत्रकारांनी गाठले. आपण बिस्किट खात आहोत, असे सांगत ते चालत राहिले. ती चित्रफीत घरोघरी पाहिली गेली व थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. ते अभ्यासू प्रशासक होते. पण सर्व अधिकार एका खुर्चीत गोळा झाले की लोकांचा सर्व रागही त्याच खुर्चीवर जमा होतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी या एका संस्थेचे काम चार स्वतंत्र संस्थांत विभागण्याचे जाहीर केले. प्राथमिक उपचार, रुग्णालयीन उपचार, मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती, आणि वृद्ध व परावलंबी व्यक्तींची सेवा, अशी ही वाटणी. आम्ही प्रतीक्षागृहात बसलो होतो तेव्हा भिंतीवरील दूरदर्शनसंचावर तिचीच चर्चा चालू होती. शेतकरी आजोबांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा पत्नीच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

आपल्या अंगणात

वाचकहो, परदेशाची ही हकीकत सांगण्याचे कारण घरचे आहे. ज्या धर्मादाय संस्थेचा मी कोषाध्यक्ष आहे, तिचे तीन गावांत तीन दवाखाने आहेत. आपल्या परंपरेत औषधदानाची गणना चार दानांत होते. त्याच भावनेने आजोबा-पणजोबांनी ते काढले. तीन वर्षांपूर्वी संस्थेने तरुणांसाठी व्यायामशाळा, योगवर्ग किंवा पोहण्याच्या शुल्काचा अर्धा भाग पावती पाहून परत करण्याची योजना सुरू केली. तिचा मसुदा माझाच होता आणि कॅलगरीचे ते पाकीट माझ्या मनात होते.

गेल्या दिवाळीत हिशेब मिळविताना मी अर्जांवरील नावे एकामागून एक वाचली. बहुतेक सर्व घरे माझ्या ओळखीची, पेढीवर बसणारी, शुल्क सहज भरू शकणारी होती. दुकानांत काम करणाऱ्या मुनीम-हमालांच्या मुलांचा एकही अर्ज नव्हता. नियमाने त्यांना कुठेही मनाई केली नव्हती, पण आधी पैसे भरण्याची अट त्यांच्यासाठी मनाईच होती. कन्येचे वाक्य आणि तळमजल्यावरच्या बाईंचा प्रश्न, दोन्ही मला त्या दिवशी एकदम आठवले.

आता पुढील महिन्याच्या सभेत तिन्ही दवाखाने जिल्ह्याच्या ठिकाणी एका मध्यवर्ती समितीखाली आणण्याचा ठराव येत आहे. ठराव मांडणारे विश्वस्त माझे स्नेही आहेत व त्यांचा हेतू शुद्ध आहे. औषधांची एकत्र खरेदी झाली तर घाऊक दराचा लाभ होईल, हे आपणा व्यापाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या भागास माझा पूर्ण पाठिंबा राहील. मात्र रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णासाठी गाडी मागविणे, एखादे औषध उधारीवर देणे, आजारी पडलेल्या डॉक्टरांच्या जागी दुसरे बोलावणे, असे लहान खर्च गावच्या समितीच्याच अधिकारात राहिले पाहिजेत. प्रत्येक दवाखान्याच्या दारावर गावातील एका जबाबदार व्यक्तीचे नाव ठळक अक्षरांत असावे, अशी दुरुस्ती मी सुचविणार आहे.

दुसरी दुरुस्ती माझ्या स्वतःच्या योजनेस आहे. पावतीवर परतावा बंद करून तीच रक्कम गरजू मुलांच्या नावे संस्थेने परस्पर व्यायामशाळेकडे व पोहण्याच्या तलावाकडे भरावी. ज्या घरांना आजवर परतावा मिळाला त्यांतील काही मंडळी नाराज होतील. त्यांत माझा पुतण्याही आहे. त्याला मी आधीच सांगून ठेवले आहे. तो हसून म्हणाला, "काका, मी तसाही जात होतोच."