डोक्याचा ‘मोठा फोटो’ काढण्याआधी

पोर पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, की आईचा जीव खालीवर होतो. आमच्या आशागडकडे चिकूच्या नाहीतर आंब्याच्या झाडावर चढणं हा मुलांचा रोजचा खेळ, तेव्हा पडणंही रोजचंच. हल्ली मात्र आया डॉक्टरांनाच सांगतात, ‘‘डोक्याचा मोठा फोटो काढून टाका, म्हणजे जीवाला घोर नाही.’’ मोठा फोटो म्हणजे सीटी स्कॅन.

मैत्रिणींनो, हा नुसता फोटो नव्हे. एक्स-रेचेच किरण, पण कितीतरी पट जास्त. गंमत बघा, शेजारच्या तारापूरच्या अणुभट्टीच्या नावाने आपण दचकतो आणि हे किरण मात्र मागून घेतो! मुलांच्या पेशी वाढत्या असतात, शिवाय पुढे सारं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून त्यांना जपायचं. युरोपातल्या नऊ देशांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. स्कॅन झालेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

धोका आहे, पण छोटा. हे मुद्दाम सांगते, कारण उलटंही घडतं. एका पाड्यावर पोराला उलट्यांवर उलट्या होत होत्या, डोळे मिटत होते, आणि आजी म्हणे, ‘‘मशीनमध्ये नको घालू, कॅन्सर होतो.’’ अशा वेळी थांबणं म्हणजे जीवाशी खेळ. शुद्ध हरपली, झटका आला, सारखी उलटी होतेय, मूल गुंगीत आहे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येतंय, तर तडक दवाखाना गाठायचा. डॉक्टर म्हणाले स्कॅन, तर स्कॅन.

पण मूल हसतंखेळतं असेल तर? अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या बेचाळीस हजारांवर मुलांची पाहणी झाली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. मेंदूला गंभीर इजा निघाली शंभरात जेमतेम एकाला. म्हणूनच डॉक्टर कधी कधी म्हणतात, चार-सहा तास इथेच बसा, लक्ष ठेवू. ते टाळाटाळ करत नसतात हो!

स्कॅन लिहून दिला तर न लाजता विचारा. सोनोग्राफीवर किंवा एमआरआयवर भागेल का? मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावणार ना? हवा तेवढाच भाग घेणार ना? सेंटरला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तोही विचारायला हरकत नाही. आणि आईला दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरी, तिने आत थांबू नये. आत्या, मावशी, बाप कुणीही चालेल, शिशाचा एप्रन घालून.

आमच्याकडची खरी अडचण वेगळीच. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, फाईल घरी पत्र्याखाली राहते. तिकडे नवा डॉक्टर, जुना फोटो नाही, की पुन्हा स्कॅन. म्हणून आमच्या बचत गटात मी सांगते, फिल्म आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवा, आणि गाव सोडताना दोन्ही बरोबर घ्या.