कर्ता कोण?

वाक्याच्या आरंभी येतो तो कर्ता आणि शेवटी येते ते क्रियापद, अशी एक सोयीची समजूत शाळेपासून आपल्या मनात घर करून असते. 'गोविंदा पत्र लिहितो' या वाक्यात ती खरी ठरते. 'मला आंबा आवडतो' म्हटले की ती ढासळते.

म्हणून शोध शेवटाकडून आरंभावा. वाक्याचा अर्थ पुरा करणारा शब्द प्रथम हेरावा. 'वाड्यात राहणारे वकील धावत स्टेशनावर गेले' यात 'राहणारे' व 'धावत' हीही धातूंचीच रूपे; पण वाक्य पुरे होते ते 'गेले' या शब्दाने. तेच क्रियापद. मग त्याच्या धातूला 'णारा' लावून विचारावे, जाणारे कोण? वकील. आवडणारा कोण? मी नव्हे, आंबा! 'मला थंडी वाजते' यातही वाजणारी थंडी; मी नुसता कुडकुडणारा. 'घरी पोचलो तेव्हा उजाडले' अशी दोन क्रियापदे असतील, तर प्रश्नही दोनदा विचारावा. पोचणारा मी; उजाडणारे मात्र कोणीच सापडत नाही. तेथे क्रियेचा भाव हाच कर्ता मानतात.

खरी फसगत होते ती भूतकाळात. 'मी पोळी खाल्ली.' खाणारा मी, म्हणून कर्ता मी. पण क्रियापद चालते पोळीच्या तंत्राने. लाडू असता तर 'खाल्ला' झाले असते. 'त्याने' यातील 'ने' आपल्याला सावध करतो. 'मी' आणि 'तू' यांना ती खूण नाही. हिंदीतील 'मैंने' आणि कोंकणीतील 'हांवें' यांत ती स्पष्ट ऐकू येते, हे इंदूरच्या व गोव्याच्या श्रोत्यांना सांगावयास नको.

याउलट कानडीत व तेलुगूत अशा वाक्यातही क्रियापद कर्त्यामागूनच जाते. त्यामुळे त्या भाषांच्या शेजारी वाढलेल्या मुलाच्या तोंडी 'मी काम केलो' असे सहज येते. त्याला अडाणी म्हणून हसणे मला अन्यायाचे वाटते. कर्ता त्याने अचूक ओळखलेला असतो. नियम तेवढा शेजारच्या घरचा. उत्तरपत्रिकेवर मात्र त्याचे गुण जातात, आणि पुढे तो मराठीत लिहिण्यासच बिचकू लागतो. लाल रेघ ओढण्याआधी त्याला विचारावे, 'केले काय?' काम. ते नपुंसकलिंगी, म्हणून 'केले'.

आणि त्याने 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो' ही वाक्ये पुढे केली तर? तीही सकर्मक, आणि पूर्ण शुद्ध. शिकणे, विसरणे, पिणे अशा काही मोजक्या धातूंनी भूतकाळातही कर्त्याची संगत सोडलेली नाही. ते पाठच करावे लागतात.