मनोरुग्णाची परिचारिका काय पाहते?

कोणी थोडें वेडेंवांकडें बोललें कीं मुंबईकर त्याला ठाण्याची वाट दाखवितो, पुणेकर येरवड्याची. कोंकणांत तोच मान रत्नागिरीकडे जातो. तेथील मनोरुग्णालय १८८६ सालचें. त्याच्या नांवाचा धाक पिढ्यान् पिढ्या उतरत आला आहे. थट्टा करणाराच्या डोळ्यांपुढें उंच भिंत आणि कुलूप असतें, भिंतीच्या आंत रात्रभर जागी असणारी परिचारिका मात्र नसते. आज तिच्याविषयीं बोलावयाचें आहे. त्यांतहि ती शिकाऊ असतां तिला जो विवेक कमवावा लागतो, त्याविषयीं. डॉक्टर रोग्यापाशीं कांहीं मिनिटें उभे राहतात. ती आठ-आठ तास असते. म्हणून पुष्कळ गोष्टी प्रथम तिच्याच दृष्टीस पडतात, किंवा पडत नाहींत.

मंडणगडाकडचें उदाहरण घेऊं. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तरेचा हा तालुका. पलीकडे सावित्री नदी, तिच्या मुखाशीं बाणकोट. जिल्ह्याचें ठिकाण सडकेनें सुमारें दीडशें किलोमीटर दूर. कर्तीं माणसें मुंबईला, घरीं म्हातारीं. समजा, अशा एका वाडींतली सत्तरीची आजी परवां संध्याकाळपर्यंत नीट होती. रात्रीं तिला वाशांवर साप दिसूं लागले, ती सुनेला ओळखीना. सकाळीं बरीचशी भानावर येऊन तिनें चहा मागितला. दुसऱ्या रात्रीं पुन्हा तेंच. शेजारी म्हणाले, बाहेरचें आहे. मुंबईहून धांवत आलेला मुलगा शिकलेला. तो म्हणाला, डोकें फिरलें, रत्नागिरीला नेऊं. निदान दोघांनींहि केलें, पण आजीच्या अंगाला हात कोणी लावून पाहिला नाहीं.

येथें परिचारिकेनें पहिला हिशेब काळाचा घ्यावयाचा. ज्याला आपण वेड म्हणतों तें बहुधा ऐन तारुण्यांत आणि आठवड्या-महिन्यांच्या चालीनें येतें; त्यांत माणसाला आवाज ऐकूं येतात, पण आपण कोठें आहों हें तो सहसा विसरत नाहीं. जें कांहीं तासांत उसळतें, रात्रीं चढतें, दिवसा उतरतें आणि ज्यांत चित्त एका वाक्यापुरतेंहि ठरत नाहीं, तें निराळें. आपल्या आज्या त्याला ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर डिलीरियम म्हणतात. त्याचें मूळ मेंदूबाहेर असूं शकतें: लघवीच्या मार्गांत जंतूंचा शिरकाव, छातींतला कफ, अंगांतलें पाणी किंवा मीठ कमी होणें, रक्तांतली साखर उतरणें, नुकतेंच सुरू केलेलें एखादें औषध. वृद्धांना अशा वेळीं ताप येतोच असें नाहीं. म्हणून शहाणी परिचारिका सापांची चौकशी मागाहून करते. आधीं नाडी, श्वास, रक्तदाब, साखर पाहते आणि आजीनें शेवटची लघवी केव्हां केली हें सुनेला विचारते. हें न करतां रात्रींच्या रात्रीं तिला गाडींत घालून घाट उतरविले, तर जें तालुक्याच्या दवाखान्यांत वेळेवर आवरलें असतें, तेंच वाटेंत जिवावर बेतेल.

पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, रोग्याला आजची तारीख विचारावी. ज्या बाईनें आयुष्यांत कधीं भिंतीवरची तारीख पाहिली नाहीं, ती काय उत्तर देणार? पण एकादशी कालच झाली आणि शिमग्याला अजून इतके दिवस आहेत, हें ती बिनचूक सांगत असेल, तर तिचें भान ठिकाणावर आहे. वार उलटे म्हणून दाखव, असें सांगून पाहावें. शनिवारावरून शुक्रवारावर येतांना जिचें बोट सुटतें, तिचें चित्त ठरत नाहींसें समजावें. प्रश्न त्या माणसाच्या जगांतला नसेल, तर चुकलेलें उत्तर परीक्षकाचेंच असतें.

अमेरिकेंतल्या परिचर्येच्या अध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनीं २००६ सालीं या विवेकाचे चार भाग मांडले: लक्षांत येणें, अर्थ लावणें, कृति करणें आणि केलेल्याचा मागून विचार करणें. माझ्या मतें खरी परीक्षा पहिल्या भागाची आहे. एक तरुण रोगी चार दिवस औषध घेतल्यावर येरझाऱ्या घालूं लागतो, बसवत नाहीं, पाय आंतून ओढतात म्हणतो. नोंदवहींत ‘रोगी त्रास देतो’ असें लिहिलें, कीं कोणी तरी औषधाची मात्रा वाढवितो. वास्तविक ती अस्वस्थता पुष्कळदां औषधाचाच परिणाम असते आणि मात्रेबरोबर वाढते. नोंदींतल्या दोन शब्दांनीं त्याची रात्र ठरते. अशाला बांधून ठेवण्याचा मोहहि होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें साखळ्या आणि एकांतवासाची कोंडी निषिद्ध ठरविली आहे. रोग्याला अडकवून ठेवणें तेवढ्यापुरतेंच, जेव्हां त्याला किंवा दुसऱ्याला तत्काळ होणारी इजा टाळण्यास अन्य उपाय नसेल, आणि तेंहि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनें. माणसें कमी आहेत, हें कारण कायद्याला चालत नाहीं.

उलट, शांत रोग्याकडे कोणी पाहत नाहीं. खिन्नतेनें महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई एके दिवशीं उठते, वेणी घालते, आपलें लुगडें शेजारणीला देऊन टाकते. घरचे आनंदतात. परिचारिकेनें त्या दिवशीं अधिक जागें राहावें. मनांतला अंधार पुरता गेलेला नसतांना अंगांत बळ मात्र परत आलेलें असतें. जीव द्यावासा वाटतो का, हें तिला सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. बहुधा विचारणारें माणूस भेटलें याचेंच तिला हायसें वाटतें. होय म्हणाली, तर तिला एकटी ठेवूं नये व डॉक्टरांना लागलींच कळवावें. घरीं असा प्रसंग आला, तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनि दिवसरात्र चालू असतो. ही टेली-मानस सेवा २०२२ सालीं सुरू झाली.

आपल्यापैकीं कोणावर रोग्याला घेऊन जाण्याची वेळ येईल, तेव्हां परिचारिकेला ‘फार वेडेपणा करतो’ असें सांगून थांबूं नये. केव्हांपासून, दिवसा अधिक कीं रात्रीं, झोंप किती, पाणी किती, लघवी किती, दारू होती का आणि ती एकाएकीं बंद केली का, हें सांगावें. औषधांची चिठ्ठी सांपडत नसेल, तर पिशवीच उचलून न्यावी. त्यांत वैद्याचा काढा असेल, भगतानें प्यावयास दिलेली मुळी असेल. ती लाजेनें घरीं ठेवून येऊं नये.