८०२.११ चं बारसं

घरातला राउटर एकदा उलटा करून पाहा. धूळ पुसली की पासवर्डच्या आसपास बारीक अक्षरांत बहुधा ८०२.११ एसी किंवा ८०२.११ एएक्स असं काहीतरी छापलेलं सापडेल. आपल्या वायफायचं हे पाळण्यातलं नाव.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत स्थानिक नेटवर्कची मानकं ८०२ क्रमांकाची समिती ठरवते. तिच्यातला अकरावा गट बिनतारी जोडणीचा आणि पुढचं अक्षर म्हणजे मूळ मानकातली दुरुस्ती. फायलीवरच्या जावक क्रमांकासारखाच हा प्रकार, आणि फायलीपुरता तो उत्तमच. पण दुकानात जाऊन ‘एक ८०२.११ बी द्या’ म्हणणार कोण?

हाच प्रश्न १९९९ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना पडला. त्यांनी संघटना काढली आणि बारशासाठी इंटरब्रँड या नामकरणाचाच धंदा करणाऱ्या कंपनीला गाठलं. तिने सुचवलेल्या दहा नावांतून ‘वायफाय’ उचललं गेलं. गाण्याच्या ‘हायफाय’शी यमक जुळतं, एवढंच त्याचं भांडवल, अर्थ शून्य. तो शून्य अर्थ संघटनेतल्या काहींना पचेना, म्हणून जाहिरातीत ‘वायरलेस फिडेलिटी’ची शेपटी जोडली. फिडेलिटी म्हणजे मूळ आवाजाशी इमान. इथे डेटा पाकिटापाकिटांनी जातो, एखादं पाकीट वाटेत खराब झालं की तेच पुन्हा पाठवतात. इमानाचा संबंध येतोच कुठे? शेपटी पुढे गळाली, पण स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत अजून ‘पूर्ण रूप’ म्हणून मिरवते आहे.

मराठीत मात्र नाव आल्या आल्या रुळलं. चहाबिहा, पाणीबिणी म्हणणाऱ्या जिभेला ‘वायफाय’ परकं वाटायचं कारणच नव्हतं.

अक्षरांचा घोळ तेवढा उरला. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही १९९९ चे, पण ‘ए’चा वेग सेकंदाला ५४ मेगाबिट, तर ‘बी’चा ११. मग ‘जी’, ‘एन’, आणि मुळाक्षरं संपल्यावर ‘एसी’, ‘एएक्स’. मधली ‘आय’ तर वेगाची नव्हेच, सुरक्षिततेची! अखेर २०१८ मध्ये संघटनेने ‘एन’ला वायफाय ४, ‘एसी’ला ५ आणि ‘एएक्स’ला ६ म्हणायचं ठरवलं. आता काही फोनांवर खुणेशेजारी इवलासा ६ दिसतो. तो ५ पेक्षा नवा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

यूएसबीवाल्यांनी नेमकं उलटं केलं. २००८ च्या यूएसबी ३.० ला २०१३ मध्ये ‘३.१ जेन १’ केलं, २०१७ मध्ये ‘३.२ जेन १’. वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट, बारशी तीन. शेवटी २०२२ मध्ये त्यांच्याच संघटनेने सांगितलं, खोक्यावर सरळ वेगच छापा.

माझ्या खणातल्या पाच केबली त्याआधीच्या. सगळ्यांची तोंडं सारखी. परवा फोटो संगणकावर घेताना एकेक लावून पाहिली. जिने सगळ्यांत लवकर आटपलं, तिला लाल दोरा बांधून ठेवलाय.