लेखांक ९ : लाडबोरीचं कडं

स्पेसएक्सचा सुपर हेवी बूस्टर मनोऱ्याच्या दोन हातांत कसा अलगद येऊन विसावतो, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या रविवारी. फुलंब्री तालुक्यातल्या वडोद बाजारच्या एका शिक्षकांनी मध्येच असा प्रश्न विचारला, की तो टाळवेना. ते लिहितात, "तुमचं रॉकेट परत येतं म्हणता. मग पाडव्याला आपल्या डोक्यावरून गेलं ते काय होतं?"

तारीख २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पलीकडे मध्य प्रदेशातही लोकांनी जळत्या तुकड्यांची माळ आकाशातून सरकताना पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं सापडलं. व्यास साधारण तीन मीटर. जवळच्या पवनपारला एक गोळाही मिळाला.

पहिल्या बातम्यांनी संशय घेतला तो न्यूझीलंडच्या इलेक्ट्रॉन रॉकेटवर, कारण ते त्याच दिवशी उडालं होतं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्याचा पहिला टप्पा उड्डाणानंतर काही मिनिटांत पॅसिफिक महासागरात पडतो, तो चंद्रपूरला कशाला येईल? गंमत म्हणजे हेच इलेक्ट्रॉन तेव्हा पुनर्वापराच्या खटपटीत होतं. महिन्याभराने, मे २०२२ मध्ये, पॅराशूटने उतरणारा त्याचा टप्पा हेलिकॉप्टरच्या आकड्याने हवेतच पकडला गेला. पण टांगलेला भार अपेक्षेपेक्षा वेगळा वाटल्यामुळे वैमानिकाने तो सोडून दिला आणि टप्पा समुद्रात गेला.

खरा मालक खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदींवरून ओळखला : चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच. उपग्रह सोडून झाल्यावर तो रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला. दर फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवा त्याचा थोडा वेग खायची. वर्षभराने तो खाली आला, स्वतःच्या मर्जीने.

कुठे पडणार हे आधी का सांगता आलं नाही? सूर्य तापला की वरचं वातावरण फुगतं, मग हवेचा विरोध बदलतो आणि अंदाज काही मिनिटांनी चुकतो. हा टप्पा सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने येत होता. त्या वेगाला फुलंब्री ते सिंदेवाही म्हणजे जेमतेम एक मिनिट! दहा मिनिटांची चूक झाली, की जागा साडेचार हजार किलोमीटरने हुकते.

आता मुद्द्याची गोष्ट. कक्षेतल्या वस्तूत दर किलोमागे तितक्याच वजनाच्या टीएनटीच्या सुमारे सातपट ऊर्जा असते. खाली येताना तिचा बराच भाग उष्णता होऊन निघतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टिटॅनियमला १६६८ अंश लागतात. त्यातून पोकळ, हलक्या वस्तू वरच्या विरळ हवेतच वेग गमावतात. म्हणून अख्खं रॉकेट जळतं, पण हेलियमसारखा वायू दाबून भरायच्या गोल टाक्या आणि कडी मात्र गावात येऊन पडतात.

सुपर हेवीचं तसं नाही. तो वरच्या स्टारशिप यानापासून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी पाच हजार किलोमीटरच्या आसपास असतो. कक्षेत ताशी अठ्ठावीस हजार लागतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा बूस्टरला पचवायची उष्णता कक्षेतल्या टप्प्याच्या तिसाव्या हिश्शाएवढीच. स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ चा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर उतरला, तरी त्याचा वरचा टप्पा आजही दर खेपेला वाया जातो, तो यामुळेच. माझ्या मते स्टारशिपच्या चाचण्यांतला अवघड भाग झेलण्याचा नाहीच. कक्षेच्या वेगाने आलेलं यान न जळता उतरवणं आणि ते पुन्हा उडवणं, खरी परीक्षा तिथे आहे. लोक मात्र मनोऱ्याचेच व्हिडिओ बघतात. चालायचंच.

म्हणूनच सुरुवातीच्या चाचण्यांत स्टारशिपला पूर्ण कक्षेत जाऊच दिलं नाही. इंजिनं पुन्हा पेटली नाहीत, तरी यान महासागरातच पडावं असा मार्ग आखलेला असायचा. लाडबोरी होऊ नये म्हणून. तरीही १६ जानेवारी २०२५ च्या सातव्या उड्डाणात यान चढतानाच फुटलं आणि टर्क्स अँड कैकोस बेटांवरच्या लोकांनी आपल्यासारखीच जळती माळ पाहिली.

गुरुजींचा दुसरा प्रश्न : कडं घरावर पडलं असतं तर भरपाई कोणी दिली असती? चीनने. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. मात्र लाडबोरीच्या शेतकऱ्याला थेट बीजिंगला अर्ज करता येत नाही. दावा भारत सरकारने करायचा, तोही साधारणपणे वर्षाच्या आत.