बंदी घातलेले नाटक आणि दहावीचा वर्ग

जवळा बाजारच्या दहावीतील विद्यार्थ्यांस ग्रंथबंदीचा विषय समजावून द्यावयाचा, तर आरंभ ‘कीचकवधा’पासून करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले, आणि महाभारतातील त्या उन्मत्त कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पराधीन मातृभूमी, कंकात मवाळ व बल्लवात जहाल राजकारण ओळखले. ज्या संहितेत कर्झनचा नामोल्लेखही नव्हता, तिच्यावर सरकारने 1910 मध्ये बंदीचा हुकूम काढला व तो 1926 पर्यंत कायम ठेवला. सावरकरांच्या सत्तावनच्या इतिहासावर तर प्रकाशनापूर्वीच बंदी आली. आपला मुलूख त्या काळी निजामाच्या अमलाखाली होता, आणि ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानान्वये पूर्वपरवानगीवाचून येथे जाहीर सभाही भरविता येत नसे, हेही मुलांना अवश्य सांगावे.

पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारास आजही आहे. मात्र हुकुमात कारणे नमूद करावी लागतात, आणि दोन महिन्यांच्या मुदतीत उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते, ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

शिक्षकमित्रहो, ‘कीचकवधा’तील एक प्रवेश वर्गात मोठ्याने वाचून घ्या आणि सरकारला त्यात नेमके काय बोचले असेल, हे मुलांनाच शोधू द्या.