विज्ञान शिकून वकिलीकडे वळायचंय? आधी पेटंट एजंट आणि वकील यांतला फरक बघा



एम.एस्सी. किंवा पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत असतो. आयुष्यभर प्रयोगशाळेत राहायचं नसेल तर पेटंटच्या क्षेत्रात जाता येईल का? आणि त्यासाठी पुन्हा तीन वर्षं कायदा शिकावा लागेल का? जाता येतं, आणि दरवेळी कायद्याची पदवी लागतेच असं नाही. पण इथे दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत केली की वर्षं वाया जातात.

पहिली वाट पेटंट एजंटची. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 126 नुसार भारतीय नागरिकत्व, 21 वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी एवढं असलं की पात्रता परीक्षेला बसता येतं. पेपर दोन, प्रत्येकी 100 गुणांचे. पहिला कायदा आणि नियमांवर, दुसरा पेटंटचा मसुदा लिहिण्यावर आणि त्याचा अर्थ लावण्यावर. शिवाय 50 गुणांची तोंडी परीक्षा. दोन्ही पेपरांत किमान 50 आणि एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 गुण लागतात. पास होऊन नोंदणी झाली की पेटंट कार्यालयासमोर अर्ज लिहिणं, परीक्षकाच्या हरकतींना उत्तर देणं ही कामं करता येतात. मात्र ही परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असं नाही, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवा.

दुसरी वाट वकिलाची. पेटंटचं उल्लंघन झालं आणि खटला न्यायालयात गेला, तर तिथे उभं राहायला सनद लागते. म्हणजे पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी (महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी), मग बार कौन्सिलकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एलएलबीबरोबर दुसरा पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येत नाही, आणि प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. म्हणून 'दिवसा लॅब, सकाळी लॉ कॉलेज' हा बेत डोक्यातून काढून टाका. आणखी एक गोष्ट उशिरा कळते: पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करायची असेल, तर सनदेचा आधी विचार करा.

आता मुद्द्याचं बोलू. दोन्ही वाटांवर एकच कौशल्य तपासलं जातं: नवीन नेमकं काय आहे, ते मोजक्या शब्दांत सांगता येणं. पेटंटच्या शेवटी 'दावे' असतात. कायद्याचं संरक्षण मिळतं ते या दाव्यांपुरतंच.

एक कल्पित उदाहरण घ्या. तुमची अभिक्रिया 60 ते 90 अंश सेल्सिअसला होते आणि 75 ला सर्वांत चांगली. पेपरमध्ये तुम्ही अभिमानाने 75 लिहाल. पण दाव्यात फक्त 75 लिहिलंत, तर दुसरा कुणी तीच अभिक्रिया 70 ला करून मोकळा होईल. उलट, हाव सुटून 'कोणत्याही तापमानाला' असं लिहिलंत, आणि कुणी 40 वर्षांपूर्वी तीच अभिक्रिया 120 अंशाला करून छापलेली निघाली, तर तो दावा टिकणार नाही. जास्तीचा प्रत्येक शब्द संरक्षण कमी करतो, आणि कमी पडलेला शब्द दावाच धोक्यात आणतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच या पेशाचं रोजचं काम.

याचं मोठं उदाहरण म्हणजे नोव्हार्टिसचा खटला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 1 एप्रिल 2013 ला. औषध रक्ताच्या कर्करोगावरचं, इमॅटिनिब मेसिलेट. कंपनीला त्याच्या बीटा स्फटिकरूपावर पेटंट हवं होतं. पावडर चांगली वाहते, कमी ओलावा शोषते, शरीरात 30 टक्के जास्त उपलब्ध होते, असे तिचे मुद्दे होते. कलम 3(डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट हवं असेल तर परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. नुसती उपलब्धता वाढली म्हणजे रुग्णाला जास्त गुण येतो असं होत नाही, ते आकडेवारीने सिद्ध करा. पेटंट नाकारलं गेलं. बघा, हा वाद कायद्याचा होता, पण अडला कुठे? कोणता डेटा कशाचा पुरावा ठरतो, या प्रश्नावर. म्हणूनच या क्षेत्रात विज्ञानाच्या माणसांना जागा आहे.

मग तयारी कशी करायची? एलएलबीचा फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी करून बघा.

1. आपल्या विषयातली पाच भारतीय पेटंट्स पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधा आणि फक्त दावे वाचा. कंटाळा येतो की मजा, हे तिथेच कळेल.

2. आपल्याच संशोधनाचा एक दावा एका वाक्यात लिहा. मग मित्राला तो मोडायला सांगा.

3. पेटंट कायद्याची कलमं 2, 3, 10 आणि 25 मूळ शब्दांत वाचा. गाईड नंतर.

आणि ज्यांना वकिलीकडे जायचंच नाही, त्यांनीही एवढं लक्षात ठेवा: पेपर छापला, किंवा प्रबंध शोधगंगेवर चढला, की नावीन्य संपतं. भारतात त्यातून मिळणारी सूट फारच मर्यादित आहे. आधी तात्पुरता अर्ज करा, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. गाईडशी हे बोलणं पेपर पाठवायच्या आधी व्हायला हवं.

मसुदा लिहिण्यात रमत असाल तर एजंटची परीक्षा पुरे. उभं राहून वाद घालायला आवडत असेल तर तीन वर्षं द्या. पण नुसतं 'पीएचडी जमत नाही' म्हणून इकडे येऊ नका. इथेही तेच वाचन आहे आणि तोच काटेकोरपणा, फक्त रिव्ह्यूअरच्या जागी समोर विरुद्ध बाजूचा वकील असतो.